कुणापेक्षा थोरला

दुपारी माझा फ्रेंचचा वर्ग असतो. वर्ग म्हणजे एक मोबाईल, तो टेकवायला तांदळाचा रिकामा डबा, आणि पुण्यात आपापल्या घरी पंख्याखाली बसलेली पाच-सहा मोठी माणसं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी गावी भावाकडे राहायला आले आणि हा उद्योग सोबत आला. आमचं गाव भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात. घरात नेटवर्क येत नाही. गच्चीवर येतं, तेही पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांनी मला नेहमी काळ्या टाकीसमोरच पाहिलं आहे. त्यांना तो पडदा वाटत असावा.

एकदा त्यातल्या एका बाईंनी विचारलं, मॅडम, हे 'मस्यू' म्हणजे मुळात काय हो? सरळ प्रश्न होता, पण मी चाळीस वर्षं शिकवलेलं असल्यामुळे सरळ उत्तर देणं मला जमत नाही. मी म्हटलं, लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. 'सेनिओर' म्हणजे त्याहून म्हातारा, कुणापेक्षा तरी वयानं मोठा. एवढाच साधा तुलनेचा शब्द. पुढं लोक मोठ्या माणसाला मानानं तसं म्हणायला लागले आणि शब्द पदवी होऊन बसला. स्पॅनिशमध्ये सेन्योर झाला, इटालियनमध्ये सिन्योरे. फ्रेंचांनी त्याचा सेन्यर केला, म्हणजे जहागीरदार, आणि त्याच शब्दाचं झिजलेलं रूप मस्यूमध्ये शिल्लक आहे. इंग्रजांचा 'सर'सुद्धा त्याच घरातला. आपल्याकडे 'वडील' या शब्दानं हेच केलं. आधी वडील म्हणजे नुसता मोठा, वडील भाऊ म्हणायचो आपण. आता वडील म्हटलं की बाप.

तेवढ्यात खालून वहिनीनं हाक मारली. "वन्सं, माणसं आल्यात. ह्यांना सांगा, जेवणाचं ताट सोडून उठत्यात."

मी वर्ग तसाच सोडून खाली गेले. दादा खरंच अर्ध्या जेवणावरून उठला होता. ओट्यावर भावकीतले दोघे भाऊ बसले होते, पानशेतकडच्या जमिनीवरून एकमेकांशी बोलणं बंद झालेले. बंगले बांधायला पुण्याचं गिऱ्हाईक आलं होतं. एकाला विकायचं होतं, दुसऱ्याला नव्हतं. दादानं यावं, मध्ये बसावं आणि काय ते सांगावं, असं दोघांनाही वाटत होतं. तेवढ्याच एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

दादा म्हणजे माझा भाऊ. आमच्या भावकीत दोन पात्या, म्हणजे दोन शाखा, थोरली आणि धाकटी, आणि आमची थोरली. त्या थोरल्या पातीतला हा थोरला. म्हणजे भावकीत लग्नाची सुपारी फुटायची तर याचा हात लागला पाहिजे, कुणी गेलं तर हा आल्याशिवाय उचलायचं नाही, वाटणीत हा 'बरं' म्हणाल्याशिवाय बांध पडायचा नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा घरी पाठवलं आणि सांगितलं की औषधं आहेतच, पण खरं औषध विश्रांती. दगदग नको, वादात पडू नका, दुपारी झोपा. वहिनी मान हलवत होती. मला डॉक्टरांचं नवल वाटलं. यातल्या एका तरी गोष्टीला भावकीची परवानगी मिळेल असं त्यांना वाटत असेल, तर ते फारच भोळे होते.

त्या दिवशी मी त्या दोघा भावांना म्हटलं की त्याला बरं नाही, महिनाभर थांबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चहा घेतला आणि दादाला विचारलं, "मग कवा निघायचं?" मी भिंतीतली खुंटी असते तर त्यांनी निदान टोपी तरी अडकवली असती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दादा माझ्याहून लहान आहे, दीड वर्षानं. आमचे वडील गेले तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला, आणि चुलत्यांनी त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं. घरातला कर्ता गेला की पुढच्या थोरल्याच्या डोक्याला असं पागोटं बांधतात, ही आमची रीत. पागोटं त्याला मोठं होत होतं, सारखं कानावर येत होतं. आदल्या दिवसापर्यंत मी त्याला नावानं हाक मारत होते, वेळप्रसंगी कानफटातही देत होते. घरी आल्यावर आई मला म्हणाली, "आता त्येला दादा म्हनायचं." म्हणायला लागले. तो मला आधीपासून आक्का म्हणायचा, ते तसंच राहिलं. अशा रीतीनं मी त्याची मोठी बहीण आणि तो माझा दादा, असं विचित्र नातं चालू झालं. पुढं त्याची बायको आली, ती वयानं माझ्याहून किती तरी लहान, पण दादाची बायको म्हणून माझी वहिनी झाली. माझं लग्न राहून गेलं. कसं राहिलं ते सांगण्यासारखं नाही, कारण तसं काही घडलंच नाही. पुण्यात नोकरी होती, वर्षं गेली.

तर दादा पानशेतला गेला. मी आणि वहिनी नको म्हणत राहिलो आणि त्या दोघा भावांनी जीप आणली. मी सोबत गेले. धरणाच्या कडेला शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेलं एक हॉटेल होतं, तिथं बैठक बसली. पिठलं-भाकरीचा वास, बाजूच्या टेबलावर पुण्याची पोरं फोटो काढतायत, आणि इकडे दोघं सख्खे भाऊ एकमेकांची आई काढतायत, जी दोघांचीही एकच होती. दादा मधोमध बसला होता. त्याचा चेहरा हळूहळू मातीच्या रंगाचा झाला. तो म्हणाला, "जरा पडतो," आणि तिथल्याच बाकावर आडवा झाला. मी जिभेखालची गोळी दिली. भांडण थांबलं, आणि गोळीचा गुण येईपर्यंत थांबूनच राहिलं. मग दादा डोळे मिटूनच म्हणाला की विकू नका, दोघांनी मिळून खंडानं कसायला द्या. आणि ते ऐकलंसुद्धा त्यांनी. त्याला ताकद होती ती अशी, पडल्यापडल्या.

परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला, "आक्का, मला ह्ये खाली ठिवायचंय."

"मग ठेव की."

"कुनाकडं?"

वयाप्रमाणं त्याच्यानंतर धाकट्या पातीतला आमचा चुलतभाऊ येतो. एस.टी.त कंडक्टर होता, आता घरीच असतो, माणूस सरळ. दुसऱ्याच दिवशी दादानं त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की आता तू बघ, मला होत नाही. चुलतभाऊ कपाळाला हात लावून बसला. "तू हायस तवर तूच," तो म्हणाला. "तू बसलेला असताना म्या मान घ्यायचा? लोक काय म्हनतील, ह्याला दादाच्या मरायची घाई झालीया."

"आरं, पर मीच म्हंतोय."

"तू म्हनून चालत न्हाई."

त्याचंही खरं होतं. थोरलेपण घ्यायची आमच्याकडे रीत आहे, ठेवायची नाही. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, सरपंचाची मुदत संपते. थोरल्याला मात्र सुटायला एकच वाट, आणि ती नदीवर जाते. दादा हसून म्हणाला, "म्हंजी मेल्याबिगर सुट्टी न्हाई." त्याचं हसणं ऐकून मला रडू आलं, आणि रडायला आलं की मला राग येतो. मी वर जाऊन टाकीला पाठ लावून बसले. वर्ग नव्हता, तरी बसले.

मला तेव्हा त्या लॅटिन शब्दाचा विचार छळायला लागला. तुलना म्हटली की दोघं लागतात. हा मोठा, तर कुणापेक्षा? 'सेनिओर' नुसता शब्द होता तोवर तो दुसरा माणूस वाक्यात कुठं तरी उभा असायचा. पदवी झाली आणि तो गळाला. सेन्योर म्हटल्यावर आता कुणी विचारत नाही, की कुणाहून मोठा. आणि गंमत अशी, की लॅटिनमध्ये बाईलाही 'सेनिओर'च म्हणत, बाप्यालाही तेच. स्पॅनिश सेन्योरा आणि इटालियन सिन्योरा ही शेपटी मागाहून लागली. फ्रेंचांनी तेवढंही केलं नाही. बाईसाठी त्यांनी 'मादाम' घेतला तो निराळ्याच शब्दातून, घराच्या मालकिणीच्या. हे सगळं मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. फळा पुसला की घरी जायचे. आमच्या घरात दादा कुणापेक्षा थोरला होता, ते मी कधी मनात आणलं नव्हतं. आता आणलं, आणि फार कंटाळा आला. या वयात नवीन काही कळणंसुद्धा दगदगीचं असतं.

उन्हाळ्यात भावकीतल्या एका मुलीचं लग्न निघालं. किकवीच्या जवळ हमरस्त्याला लागून मंगल कार्यालय, बाहेर डीजे, आत माईकवाला. हल्ली फेटे बांधायलाही माणूस येतो. तो आपलं कापडांचं गाठोडं घेऊन कोपऱ्यात बसतो आणि वऱ्हाडातल्या पोरापोरींना चटाचट फेटे बांधून देतो. पोरी फेटे घालून फोटो काढतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मानाचा फेटा मात्र व्यासपीठावर बांधायचा. माईकवाल्यानं पुकारा केला, "भावकीतील ज्येष्ठ, सर्वांचे दादा..." दादा जिना चढून वर गेला. चार पायऱ्या होत्या, दोनदा थांबला. फेटा बांधून झाला, टाळ्या झाल्या. चुलतभाऊ शेजारीच उभा होता.

दादानं दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

त्यानं मनाशी काय ठरवलं होतं ते मला लगेच कळलं. घरी ऐकत नाहीत ना, मग चारचौघांत देऊन टाकू, चारचौघांत कुणाला नाही म्हणता येणार नाही. पण एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर पागोटं जातं ते आमच्यात दहाव्याला, आणि तेही ज्याचं ते होतं तो राख झालेला असतो. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो इतका थकला होता, की त्याला फक्त डोकं हलकं करायचं होतं. पुढच्या रांगेत आमची काकी बसली होती, बापाच्या पिढीतली शेवटची. तिनं ते पाहिलं आणि गळा काढला. तिला फारसं दिसत नाही, पण तेवढं नेमकं दिसलं. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी. नवरीच्या आईनं तोंडात पदर कोंबला. बाहेर डीजे वाजतच होता.

चुलतभावानं चटका बसल्यासारखा फेटा काढला. "काय केलंस रं ह्ये," तो म्हणाला. त्यानं फेटा दादाकडे धरला, दादानं हात मागं घेतले. कुणी म्हणालं, घाला दादा परत, अपशकुन नको. कुणी म्हणालं, पोरीच्या लग्नात असं कुणी करतं व्हय. शेवटी फेटा एका खुर्चीवर ठेवला गेला आणि त्या खुर्चीच्या आसपास कुणी उभं राहीना. दादा दुसऱ्या खुर्चीत बसला. उघड्या डोक्यानं तो एकदम म्हातारा दिसत होता. "मला आता हुत न्हाई," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. त्याचा हात छातीकडे गेलेला मी पाहिला. भटजी घड्याळ बघत होते.

मला धीटपणा वगैरे काही वाटला नाही. मला त्याला घेऊन घरी जायचं होतं आणि ते लोक फेटा त्याच्या डोक्यावर परत चढवल्याशिवाय सोडणार नव्हते, एवढंच दिसत होतं. मी वर गेले, खुर्चीवरचा फेटा उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा इकडं बघा."

"खाली उतर बये," मागून कुणी तरी पुरुषमाणूस म्हणाला. "लेकीला मान नसतो. लेक परघरची."

"कुठल्या घरची?" मी विचारलं. "मला ठावं न्हाई, तुमी सांगा. म्या कुठं गेलीच न्हाई."

मग मी काकीपुढं गेले, कारण रडणं तिनं सुरू केलं होतं आणि थांबवायचं तर तिनंच. तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं, "काकी, पागोटं थोरल्याकडनं धाकट्याकडं आलं तर मरण. धाकट्यानं थोरल्याला दिलं तर त्यात मरण कसलं? कोन कुनाच्या मागं ऱ्हायलंय? म्या ह्याच्यापरीस मोठी हाय."

काकी गप्प झाली. तिनं हात वर करून माझ्या डोक्यावरचा फेटा चाचपला, मग माझं तोंड चाचपलं. ती बराच वेळ आठवत होती. सगळे तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, की हिनं आता घोटाळा केला तर माझ्यात पुढं बोलायचं त्राण नाही.

"मोठीच हाय ती," काकी म्हणाली. "म्या बघितलीया. ही अंगनात पळाय लागली व्हती तवा ह्यो जलमला." मग नाक पुसून म्हणाली, "न्हाई, मग अपशकुन न्हाई. वाजवा."

मंगलाष्टकं सुरू झाली. मला कुणी मान दिला असं नाही म्हणता येणार. त्यांना एका अपशकुनातून सुटायचं होतं आणि मी वाट काढून दिली. वहिनीनं माझा फेटा मागून नीट केला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, पडंल, मान हलवू नका." दादा खुर्चीत बसल्याबसल्या अक्षता टाकत होता. त्याच्या तोंडावर रंग परत आला होता.

आधी लोकांनी ते हसण्यावारी नेलं. काय थोरल्या, बरं हाय का, असं एस.टी.त कुणी तरी म्हणायचं. मी ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट काढून खिडकीबाहेर बघत बसायचे. मग एक सुपारी फोडायला मला बोलावलं. हौसेनं नाही, दादाला हात लावून दे म्हटलं तर त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं म्हणून. मग एक वाटणी. मग एक सुनेचं भांडण, आणि तिची सासूही दुसऱ्या दिवशी वेगळी आली. बघता बघता ओट्यावर माझी वाट बघणारी माणसं बसायला लागली. कुणी निर्णय मागायला येतं असं मला वाटायचं, ते खोटं आहे. निर्णय त्यांचा झालेला असतो. त्याचं खापर फोडायला एक डोकं लागतं. दादानं हे इतकी वर्षं कसं केलं, मला कळत नाही. मी तर संध्याकाळपर्यंत पिळून निघते. फ्रेंचचा वर्ग आठवड्यातून दोनदावर आणला आहे, आणि त्यातही मी मध्येच विसरते की कुठं होतो.

दादाला सुरुवातीला करमेना. ओट्याच्या टोकाला जाऊन बसायचा, माणसं माझ्याशी बोलतायत हे बघायचा, मध्येच तोंड उघडायचा आणि मिटायचा. वहिनी त्याला आत न्यायची, तो पुन्हा बाहेर यायचा. मला त्याची दया यायची आणि संतापही. एवढं करून हा जर झोपणार नसेल, तर मी हे डोक्यावर घेतलं कशाला?

गेल्या महिन्यात काकी गेली. ती लेकीकडे हिर्डोशीला होती. थोरली आल्याशिवाय उचलत नाहीत, म्हणून तिकडे माणसं माझ्यासाठी थांबलेली. भोरहून गाडी उशिरा मिळाली, तीही गावाच्या अलीकडेच थांबली, आणि पुढचा चढ मी गुडघ्यांना शिव्या देत चालले. काकीचं तोंड बघितलं, पाणी पाजलं. मग मी म्हटलं, उचला. एवढा एक शब्द म्हणायला मी गेले होते. उरकून परत निघायला दुसरा दिवस उजाडला आणि घरी पोचायला दुपार झाली.

ओट्यावर कुणी तरी बसलेलं होतंच. मी पायावर पाणी घेतलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. अंग इतकं ठणकत होतं, की त्या माणसांचं बोलणं मला फक्त ऐकू येत होतं. दादा आतून आला. दारात उभा राहिला. आलेल्या माणसांकडे त्यानं पाहिलं नाही.

"आक्का," तो म्हणाला, "मी जरा पडू का?"

त्यानं कुणाला असं विचारलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "पड." तो आत गेला, आणि थोड्या वेळानं त्याचं घोरणं बाहेर ऐकू यायला लागलं. वहिनी दारापर्यंत येऊन माझ्याकडे बघून हसली. मी ओट्यावरच्या माणसांना म्हटलं, हळू बोला, दादा निजलाय. ते हळू बोलायला लागले आणि मी ऐकायला लागले. मलाही पडायचं होतं. पण आता माझ्याहून मोठं भावकीत कुणी उरलं नव्हतं, आणि विचारायचं कुणाला ते मला सुचेना.